नानांनंतर सही कुणाची?

आपल्या शिक्षण संस्थेच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

पुढच्या महिन्यात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिका ग्रुपवर आली, मीही वाचली. विषय क्रमांक ४: 'संस्थेच्या नूतन अध्यक्षांची निवड करणे.' त्याच्याखाली हार-गुच्छांची चित्रं आणि आपले संस्थापक नाना यांच्या चिरंजीवांना 'योग्य वारसदार' म्हणून अभिनंदनाचे इतके संदेश पडलेत, की निवड झालेलीच आहे, सभा फक्त चहापोह्यांची आहे, असं कुणालाही वाटावं. वारसदार हा शब्द वाचून मी थांबले. शेताला वारस असतो, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानाला असतो. सार्वजनिक न्यासाला वारस कुठून आला?

निवृत्त झाल्यापासून मी मंडळाकडे दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच माझ्या जागेवर आलेल्या मुलाने दिली. दुसऱ्या वेळी त्याला आवक रजिस्टर सापडेना, तेव्हा कपाटातून काढून मीच दिलं आणि क्रमांकही मीच टाकला. उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र उघडं.

मी या शाळेत २२ वर्षं लिपिक होते. २००२ च्या जूनमध्ये आले तेव्हा बारावी आणि मराठी टायपिंग ३० एवढीच माझी पात्रता होती, पदरात दोन मुलं होती आणि घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. शिपाई नव्हता, म्हणून घंटाही मीच द्यायचे. भाषणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलीत, मी त्यांचा खर्च लिहिलाय. मंडप, हार, नारळ, पाहुण्यांच्या गाडीचं डिझेल. शाळा कशी उभी राहिली आणि कशी टिकली हे मला व्हाउचरांवरून कळतं, आणि व्हाउचर सहसा वाढवून बोलत नाही.

तेव्हा गावात सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा होती. हायस्कूल सात किलोमीटरवर, आणि एसटी तिच्या मर्जीची. मुलगे सायकलवर जायचे, मुली सातवीला घरी बसायच्या. नाना गलाईचा धंदा मुलाच्या हाती देऊन तमिळनाडूतून गावी परतले होते. स्वतः सातवी पास. खानापूर-आटपाडीकडची गलाई माणसं देशभर सोनं-चांदी गाळत पसरलीत, पण जत्रेला झाडून गावी येतात. त्या वर्षी नानांनी जत्रेत पावतीपुस्तक काढलं. पहिली तुकडी आठवीची, दूध डेअरीच्या जुन्या शेडमध्ये, २३ पोरं. त्यातल्या नऊ मुली. त्या नवांपैकी सहा जणी पुढच्या वर्षी सासरी गेल्या असत्या. हा अंदाज माझा नाही, त्यांच्या आयांनीच मला सांगितलेलं आहे.

आता हे सगळं 'नानांचा त्याग' म्हणून फलकावर लिहून झालंय, त्यावर मी आणखी रंग चढवत नाही. त्यागापेक्षा मोठी अशी त्यांची दोन कामं आहेत, आणि ती फलकावर नाहीत.

पहिलं, जमीन. शाळेची दोन एकर जमीन नानांनी स्वतःच्या पैशाने घेतली, पण खरेदीखत संस्थेच्या नावाने केलं. लोकांनी वेड्यात काढलं. 'जागा तुमच्या नावावर ठेवा, संस्थेला भाड्याने द्या, उद्या काही झालं तर जमीन तरी वाचेल,' असा सल्ला देणाऱ्यांत आजच्या मंडळातले दोघे होते. फेरफार नोंदायला चौदा महिने गेले, तेवढ्या काळात तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या मी आणि नाना दोघांनी झिजवल्या. सातबाऱ्यावर संस्थेचं नाव चढलं त्या दिवशी नाना म्हणाले, "बाई, आता ही जमीन माझ्या पोरालाही विकता यायची न्हाई." खरंच येत नाही. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ही अडचण नानांनी मुद्दाम आपल्याच वाटेत आणून ठेवली. आपल्या जिल्ह्यात अशा शाळा मी पाहिल्यात जिथे इमारत संस्थेची, जमीन घराण्याची आणि भाऊबंदकीत मुलं वाऱ्यावर. नावं घेत नाही.

दुसरं, पगाराचा कागद. आपल्या शाळेला परवानगी मिळाली ती 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर. २००९ मध्ये सरकारने त्यातला 'कायम' हा शब्द काढला, आणि २०१६ मध्ये २० टक्के अनुदान हाती आलं. २००२ पासूनची ती चौदा वर्षं शिक्षकांनी महिना दीड हजार, दोन हजार, पुढे चार हजारावर काढली. गणिताचे सर पहाटे दुधाच्या गाडीवर असायचे. मराठीच्या बाई सुट्टीत द्राक्षाच्या शेडवर पॅकिंगला जायच्या आणि बेदाण्याच्या हंगामात रॅकवर. कुठे कुठे अशा शाळांत एक रीत असते: सही दहा हजारावर, हातात चार हजार. कागद शोभिवंत दिसतो. आपल्याकडेही हिशेब बघणाऱ्या एका गृहस्थाने तसं सुचवलं होतं. नानांनी मला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोरच सांगितलं, "जेवढं देतो तेवढ्यावरच सही. कमी देतो त्याची लाज आपल्याला वाटू दे, कागदाला नको." कॅशबुकात दीड हजार म्हणजे दीड हजारच. तपासणीला आलेला प्रत्येक साहेब त्या आकड्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघायचा. मी खाली बघायचे.

अनुदान आल्यावर पदाला भाव आला. कुठल्याही संस्थेतल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. एका उमेदवाराचे वडील पिशवी घेऊन आले होते. जमीन विकून आणलेले पैसे. नानांनी त्यांना चहा पाजला, एसटीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी तातडीची सभा लावली. ठराव क्रमांक ९: नेमणुकीसाठी उमेदवाराकडून वा नातेवाइकांकडून कोणतीही देणगी घेऊ नये. एकमताने मंजूर. हात वर करताना कुणाचे हात किती सावकाश वर गेले तेही मी पाहिलंय, फक्त इतिवृत्तात सावकाश असा रकाना नसतो.

इथपर्यंत तुम्हाला पत्र गोड लागत असेल. पुढचं नानांनाही आवडायचं नाही. नाना, तुम्ही चष्मा लावून हे वाचणार मला माहीत आहे. रागावा, पण पूर्ण वाचा.

नानांनी शाळा काढली, आणि मग ती हातातून सोडलीच नाही. खडूचा खोका आणायचा तर नानांची सही. प्रयोगशाळेतला बल्ब गेला, नानांची सही. पहिले मुख्याध्यापक चांगले होते, मुलं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. तीन वर्षांनी ते दुसरीकडे गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, मी इथं मुख्याध्यापक नव्हतो, वर्गाचा मॉनिटर होतो." हे मी नानांना तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

खासगी शाळांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली आहे. तीत शाळा समिती सांगितलेली आहे. मुख्याध्यापक तिचा पदसिद्ध सचिव, आणि एक शिक्षक प्रतिनिधी. रोजच्या कारभाराचं बरंच काही या समितीत बसून ठरावं असा तिचा हेतू. आपली शाळा समिती आहे का? आहे. कागदावर. वर्षाला चार बैठका, चारही इतिवृत्तं सुवाच्य. ती मी लिहिली आहेत. बैठक झालेली नसताना, नानांना विचारून, एका दुपारी बसून चारही. सह्या मागाहून घरोघर जाऊन घेतल्या. हा माझा गुन्हा मी इथे कबूल करते, कारण दुसऱ्यांना दोष देणारीने आपलं दप्तर आधी उघडावं. तेव्हा वाटायचं, कामं तर होतातच आहेत, बैठकीत वेळ कशाला घालवायचा? बैठकीत माणसं तयार होतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. वीस वर्षांत आपण एकही दुसरा माणूस तयार केला नाही.

त्याची किंमत दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मोजली. नाना एकोणीस दिवस मिरजेला दवाखान्यात होते. संस्थेच्या खात्यावर नानांची किंवा खजिनदारांची, कुणाही एकाची सही चालायची. खजिनदार त्याआधी तीन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या जागी नवीन नाव लावायचं तर बँक परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीची, अद्ययावत नक्कल मागणार, आणि ती मिळण्यासाठी बदल अर्ज मंजूर असायला हवा. कायदा म्हणतो, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. आपल्या कागदावर अकरा विश्वस्त आहेत. त्यातले चार देवाघरी गेलेत, आणि धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी चौघेही अजून हयात आहेत. बँकेचं काहीच चुकलं नाही, हे मी आधीच सांगते.

अनुदानित पगार शालार्थ या सरकारी पगार प्रणालीतून थेट खात्यावर येतात, ते आले. अडकले ते ज्यांचं नाव अजून अनुदानाच्या कुठल्याच टप्प्यात नाही असे तिघे शिक्षक, सेवक आणि लाइट बिल. मी चेकबुक घेऊन एसटीने मिरजेला गेले. नानांच्या हाताला सलाइन होतं. उशीवर चेकबुक धरलं, त्यांनी सही केली. ती सही पाहून मला रडू आलं, कारण ती त्यांची राहिलीच नव्हती. बँकेने चेक परत केला: सही जुळत नाही. शाळेची वीज गेली, संगणक खोली अंधारात. बिल शेवटी विज्ञानाच्या सरांनी आपल्या फोनवरून भरलं. त्या तीन शिक्षकांपैकी एकीने मला विचारलं, "बाई, नानांना काही झालं तर शाळा बंद का?" मी 'छे छे' म्हटलं. त्या वेळी माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

म्हणून विषय क्रमांक ४ ला माझी हरकत आहे. नानांचे चिरंजीव भले आहेत. दरवर्षी दहावीच्या मुलींना सायकली तेच देतात, आणि एकदाही त्यांनी आपला फोटो छापायला लावलेला नाही. पण ते तिकडे दुकान सांभाळतात, वर्षातून दोनदा येतात. त्यांना अध्यक्ष करणं म्हणजे सहीचा माणूस मिरजेहून तमिळनाडूत नेऊन ठेवणं. आणि ते जरी इथे राहायला आले, तरी 'कोण' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आहे 'किती'. सगळं एकाच्या हातात का?

आपल्या भागात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला माणूस. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात पाहुणे लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट सांगतात: वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी माउलीने मंगळसूत्र मोडलं. सांगावीच अशी ती गोष्ट आहे. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्याला शिक्षक घडवण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, पोरांना 'कमवा आणि शिका'वर उभं केलं, आणि आपल्या हाताखाली वाढलेल्या पोरांना आजीव सेवक करून शाळा त्यांच्या हवाली केल्या. मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. माणसं घडवण्याचं काम दरवर्षी करावं लागतं. भाऊराव १९५९ च्या मे महिन्यात गेले. संस्था त्यांच्यानंतर वाढली. आपल्या मंडळातले निम्मे लोक तिच्याच शाळांत शिकलेत, मी काही नवीन सांगत नाही.

त्याच १९१९ साली सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, आणि ती सोसायटी १८८४ ची. तिच्या पहिल्या सहा वर्षांत आजीव सभासदांच्या पगारावरून आणि बाहेरच्या कमाईवरून किती वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १८९० मध्ये टिळकांसारखा माणूस सोडून गेला. टिळक! आणि तरी संस्था चालू राहिली, कारण कोण राहिला आणि कोण गेला यावर ती टेकलेली नव्हती. मागे राहून सोसायटीचं पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज सांभाळणाऱ्यांत आगरकर होते, आपल्या शेजारच्या कराड तालुक्यातल्या टेंभूचे. ज्या टेंभूचं पाणी आज आपल्या शिवारात खेळतंय, तेच गाव. आपण पाणी घेतलं, म्हणून म्हटलं.

या मोठ्या संस्था, आपली एक लहानशी शाळा, असं कुणी म्हणेल. मग फलटणचं कमला निंबकर बालभवन घ्या. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाई फलटणला येऊन राहिल्या, इथल्याच होऊन गेल्या आणि त्यांनी १९८६ मध्ये मराठी माध्यमाची शाळा काढली. त्यांच्या हयातीतच शाळेचं रोजचं चालवणं सहकाऱ्यांच्या हाती गेलं. संस्थापक जिवंत असताना दुसऱ्याच्या हाताने शाळा चालते, हे आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर घडलेलं आहे.

आणि खरं सांगायचं तर आपल्याच शाळेतही एकदा घडलंय. ते मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण तुमच्यातले बरेच जण तेव्हा मंडळात नव्हते.

२०१२-१३ चा दुष्काळ. जनावरं चारा छावणीत, आणि जनावरांमागे माणसं. आपल्या गावापासून छावणी चार किलोमीटर. जानेवारीत दहावीच्या वर्गातली अकरा मुलं दिसेनाशी झाली. सकाळी शेण काढायचं, टँकरवर नंबर लावायचा, ऊस आणि वाढे तोडून टाकायचे, यात शाळा कुठे बसणार? मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. गणिताच्या सरांनी कुणाला न विचारता संध्याकाळी छावणीवर जायला सुरुवात केली. ताडपत्रीखाली चार्जिंगचा दिवा, जनावरांच्या दाव्यात पाय अडकणार नाही अशी जागा बघून बसलेली पोरं. चौथ्या दिवशी इतर शाळांची पोरंही येऊन बसू लागली.

नानांना कळलं आणि नाना संतापले. "मला न विचारता शाळा बाहेर कुणी नेली?" ऑफिसात सरांना उभं करून बोलले. सर काहीही बोलले नाहीत, संध्याकाळी पुन्हा गेले. तीन दिवस नाना शाळेत फिरकले नाहीत. चौथ्या संध्याकाळी छावणीत आले आणि मागे कडब्याच्या पेंढीवर बसले. बीजगणित चालू होतं. दीड तास बसले. सातवी पास माणसाला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे. एक म्हैस मधूनच पेंढी ओढत होती आणि नाना तिला हाताने मागे सारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. सरांच्या गाडीच्या पेट्रोलचे पैसे संस्थेने द्यायचे, आणखी एक ताडपत्री आणायची, दोन दिवे आणायचे. मी नेहमीप्रमाणे व्हाउचर करून सहीला पुढे केलं. ते म्हणाले, "माझी सही नको. मास्तरांनी खर्च केलाय, मास्तरांचीच घ्या. हिशेब तुम्ही बघा." बावीस वर्षांत नानांनी आपली सही दुसऱ्याला दिली ती ही एकदाच. ते व्हाउचर अजून फायलीत आहे, तीनशे चाळीस रुपयांचं. हिशेबात एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही. अकरांपैकी नऊ मुलं पास झाली. राहिलेली दोन पुढच्या ऑक्टोबरला.

नानांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मला विचाराल तर मी जमिनीचा सांगणार नाही, हा सांगेन. दुःख एवढंच की पुढच्या महिन्यापासून सगळं पुन्हा पूर्ववत झालं.

आता तुम्हाला काय करायला हवं. अध्यक्ष कुणालाही करा, नानांच्या चिरंजीवांनाही करा, माझी ना नाही. पण त्याच सभेत विषय क्रमांक ४ च्या आधी हा विषय घ्या: मुख्याध्यापकांना महिन्याला ठराविक रकमेपर्यंत स्वतःच्या सहीने खर्चाचा अधिकार, मागाहून हिशेब शाळा समितीपुढे, आणि समितीची बैठक खरोखर, खुर्च्या मांडून. बँकेत तीन नावं द्या, तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या चालतील अशी सोय करा, आणि तिघांपैकी एक जण तरी गावात राहणारा असावा. ठराव क्रमांक ९ आहे तसा घटनेत घाला. ठरावाने ठराव रद्द होतो, घटना बदलायला मात्र रीतसर दुरुस्ती करावी लागते आणि ती चारचौघांत वाचावी लागते. नाना हयात आहेत तोवर हे करा. नाना गेल्यावर 'नानांची इच्छा' या शब्दाखाली काय काय खपवलं जाईल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आणि सभासद वाढवा. संस्थेच्या सभासद यादीत २००२ नंतर एकही नाव पडलेलं नाही. पहिल्या तुकडीतली मुलं आता छत्तीस-सदतिशीची झालीत. एक जण तलाठी आहे, एक मुलगी आरोग्य केंद्रात नर्स आहे, दोघांची विट्यात यंत्रमागाची शेड आहे, आणि कित्येक जण गलाईत. गलाईवाल्यांना पैसे मागायला आपण जातो, मत मागायला कधी गेलो नाही. त्या नऊ मुलींपैकी तीन जणी आज गावातच आहेत. अकरा विश्वस्तांच्या यादीत आजवर एकही बाई नव्हती, हे शाळा मुलींसाठी काढली म्हणून भाषण करणाऱ्यांना कधी खटकलं नाही. मला खटकायचं. यादी टाइप करणारी मीच होते.

विषय क्रमांक ६ बद्दल थोडक्यात. इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित शाळा आपल्याच जागेत काढायची कल्पना आहे. गावातली पोरं पिवळ्या बसने विट्याला जातात, हे मला दिसतं, माझा नातूही त्याच बसमध्ये आहे. तेव्हा इंग्रजीला विरोध करायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? पण १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदललेत आणि कमी पटाच्या मराठी शाळांचा जीव टांगणीला लागलाय. एकाच आवारात दोन शाळा निघाल्या आणि आपल्याच मराठी शाळेतली पोरं आपणच पलीकडे ओढली, तर शिक्षकांची पदं जातील. ती पदं चौदा वर्षं दीड हजारावर राबलेल्या माणसांची आहेत. काढायचीच असेल तर हिशेब पूर्ण वेगळा ठेवा, आणि तिकडची फी ठरवताना इकडच्या पालकांना बेदाणा विकल्यावरच पैसे येतात हे विसरू नका. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

शेवटी कामाचं. बदल अर्जांची फाइल ऑफिसातल्या हिरव्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे, लाल फीत बांधलेली. चार मयत विश्वस्तांपैकी दोघांचे मृत्यू दाखले मी ग्रामपंचायतीतून काढून त्यात लावून ठेवलेत. तिसऱ्यांचा दाखला पुण्याचा आहे, त्यांच्या मुलाने पाठवतो म्हणून सांगितलंय, त्याला पुन्हा फोन करा. चौथ्यांच्या घरी मी स्वतः जाईन, वहिनींशी माझी ओळख आहे. अर्जांना उशीर झालाय, म्हणून प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज लागेल. त्याचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवलाय, वकिलांना फक्त तपासायला द्या. त्या कपाटाची दुसरी किल्ली अजून माझ्याकडे आहे. मी ती सभेच्या दिवशी घेऊन येते. कुणाच्या ताब्यात द्यायची ते ठरवून ठेवा, आणि जो घेईल त्याची रजिस्टरला सही हवी.

आपली,
संस्थेची निवृत्त लिपिक
(जि. सांगली)